मनासेचा कान

पप्पांच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे दूध उतू गेलं.

पप्पा ओट्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर पेपर वाचत बसले होते. दूध सूं करत वर आलं, पातेल्यावरून शेगडीवर सांडलं, आणि पप्पांनी शांतपणे पान उलटलं. आई अंगणातून धावत आली, गॅस बंद केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "एफ्रात, लक्ष कुठे असतं गं तुझं?"

मी केस विंचरत होते. "चुकलं, आई," मी आतूनच म्हणाले. पप्पांच्या वाट्याची अशी बोलणी मी लहानपणापासून खात आले होते. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

पप्पा, म्हणजे मनासे पेणकर, रसायनीच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या खात्यात इंजिनिअर होते. त्या धडधडीत त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि कानही गेले. अगदी ठार बहिरे नव्हते ते. समोरच्याचं बोलणं त्यांना कळे, तोंडाकडे बघत राहिलं की सगळंच कळे. पण बारीक आवाज एकेक करून त्यांच्यापासून निघून गेले. आधी चिमण्या, मग घड्याळ, मग दुधाची सूं. त्यांच्या खात्यातल्या एका माणसाचे कान गेल्याचं वरच्यांना कळलं, तेव्हा त्याला उचलून कोठारात खिळेमोळे मोजायला बसवलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात हा विषय निघाला नाही. पप्पा निवृत्त झाले तरी निघाला नाही. आई बाहेर कुठेही गेली की त्यांच्या उजव्या बाजूला बसे आणि लोकांचं बोलणं दोनदा, जरा मोठ्याने, आपल्यालाच नीट कळलं नसल्यासारखं विचारे. पनवेलमध्ये आईलाच, बथशेबाबाईंनाच, कमी ऐकू येतं असा समज होता. तिने तो राहू दिला.

दूध पुसून झालं. पप्पांनी पेपर घडी करून ठेवला आणि शेडचं दार उघडलं. मी मागोमाग गेले.

शेडमध्ये आमची गाडी होती. टोयोटा सेलिका, बहात्तर सालची, दोन दारांची, लांब नाकाची, विटकरी रंगाची. पप्पांनी बॉनेट वर केलं, इंजिन चालू केलं आणि खिळ्यावरची रबरी नळी माझ्या हातात दिली. नळी म्हणजे जुन्या शेगडीची गॅसची नळी, हातभर कापलेली. या गाडीला मूळच्या एका कार्बोरेटरच्या जागी पप्पांनी दोन बसवले होते, एकामागे एक. दोघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन गुणगुणतं. एकाने जास्त ओढली तर थरथरतं, खोकतं. हवा ओढताना कार्बोरेटरच्या तोंडाशी फुसफुस होते. नळीचं एक टोक तिथे धरायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि कुणाची फुसफुस मोठी ते ठरवायचं. एवढंच काम. पण ती फुसफुस दुधाच्या सूंपेक्षाही बारीक असते.

म्हणून कान माझा आणि स्क्रूड्रायव्हर पप्पांचा. मी शाळेत होते तेव्हापासूनची ही पद्धत. पुढचा जास्त ओढत असेल तर मी एक बोट दाखवायची, मागचा असेल तर दोन. सारखे झाले की मूठ. चालू इंजिनाशेजारी पप्पांना माझा आवाज पोचत नसे, पण बोटं दिसत. असं करताकरता ती मूठ आमच्या दोघांची खूणच होऊन गेली. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नोकरीवरून मी घरी आले की पप्पा खिडकीतून मूठ दाखवत. मी दाखवायची. म्हणजे सगळं ठीक.

त्या दिवशी दोन, दोन, एक आणि मूठ. पप्पांनी स्क्रूच्या खाचेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, खूण राहावी म्हणून, आणि आम्ही पळस्प्याला निघालो.

पळस्पे फाट्याच्या अलीकडे, चहाच्या टपरीमागे जी मोकळी जागा होती, तिथे दर रविवारी सकाळी जुन्या गाड्या बाळगणारी मंडळी जमत. शनिवार हा आम्हा यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, पप्पा गाडीला हात लावत नसत, म्हणून सगळ्यांनी रविवार धरला होता. दिनानाथकाकांचं पनवेलला औषधांचं दुकान. त्यांच्याकडे होंडाची छोटीशी उघडी स्पोर्ट्‌स गाडी होती, मोटारसायकली करणाऱ्या लोकांनी केलेली, चार सिलिंडरांना चार कार्बोरेटर. काका चांगलेच भरलेले. "दिनानाथशेठ गाडीत बसत नाय, गाडी नेसतो," असं काशिरामकाका म्हणत. काशिरामकाका कामोठ्याचे, वाळूच्या ट्रकांचे मालक. त्यांची डॅटसन कूपे. तिची मागची सीट काढून त्यांनी लोखंडी दांडे जोडले होते, गाडी वळणात पिळवटू नये म्हणून. पण बायकोने एकदा त्याच दांड्यांना मासळीची टोपली अडकवली, तो वास काही गेला नाही.

त्या रविवारी पुण्याहून एक नवे गृहस्थ आले होते, रमेशराव. जुन्या गाड्या गोळा करणारे. काशिरामकाकांनी त्यांना आल्याआल्या नियम सांगितला.

"आमच्याकडं बॉनेट उघडलं की मालक बोलतो. बाकीच्यांनी गप ऱ्हायचं. पोथी वाचतात तेव्हा मधी बोलतो का कुणी? तसं. लावा पोथी, मनासेशेठ."

पप्पांनी बॉनेट उघडलं.

"ही मुंबईत आली एका जपानी कंपनीच्या साहेबाबरोबर," ते म्हणाले. "साहेब गेला, ही राहिली. मग एका सिनेमावाल्याने घेतली. पांढरी होती, त्याने गुलाबी पट्टे मारले."

"अरारा," दिनानाथकाका म्हणाले.

"गप ओ शेठ."

"मग त्याचे सिनेमे पडले आणि ही भायखळ्याच्या एका गोदामात पडली. कित्येक पावसाळे. मी पाहिली तेव्हा सीट उंदरांनी खाल्लेली आणि इथे," पप्पांनी इंजिनावर हात ठेवला, "कबुतराचं घरटं. अंड्यांसकट. पिल्लं उडेपर्यंत थांबलो, मग उचलली."

ही अंड्यांची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. तरी दर वेळी त्या जागी माझा श्वास थांबे.

"कार्बोरेटर एक कुर्ल्याच्या भंगारात मिळाला. त्याचा जोडीदार मिळेना. शेवटी आपला पनवेलचाच एक पोरगा जहाजावर होता, त्याने बहारीनहून आणला. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. मोजा अजून ठेवलाय. पुढच्या स्प्रिंगा दोन बोटं कापल्या, गाडी बसकी दिसावी म्हणून. दिसली. पहिल्याच गतिरोधकावर पोटावर बसली. मग परत लांब लावल्या."

सगळे हसले. पोथी संपली होती. आता विचारायला मोकळीक होती.

"मूळचे भाग ठेवलेत का, काका?" रमेशरावांनी विचारलं. "नाही म्हणजे, कारखान्यातून निघाली तशी परत करता येईल?"

पप्पा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "ठेवलेत. पण माणूस तरी जन्मभर लग्नातल्या फोटोसारखा कुठे दिसतो? जे जे झालं ते अंगावर दिसायला नको?"

मग पप्पांनी खिशातून ती रबरी नळी काढली. हा भाग सगळ्यांच्या आवडीचा. इंजिन चालू होतं. पप्पांनी नळी पुढच्या कार्बोरेटरला लावली, डोळे मिटले. मग मागच्याला. टपरीवाल्यानेही स्टोव्ह बारीक केला. पप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "सारखे."

सारखे होतेच. घरून निघतानाच केले होते.

"असा कान आमच्या पुण्यात नाही," रमेशराव म्हणाले.

"पुण्यात कसला? अख्ख्या रायगड जिल्ह्यात हा एकच हाय," काशिरामकाका म्हणाले. "आमच्या गाड्या पण यांच्याकडंच. शनवारी हात नाय लावत, रविवारी स्वतःची करतात. आपली गाडी शेडमधी ठेवून जायची, सोमवारी न्यायची. सतारीवानी वाजते."

मी पुढच्या सीटवर पुस्तक उघडून बसले होते. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही मान वर केली नाही. काशिरामकाकांची गाडी मी केली होती आणि दिनानाथकाकांचीही, चारही कार्बोरेटर, सोमवारी कॉलेजला जायच्या आधी. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. चांगला जादूगार पाहताना त्याच्या पेटीत बसलेल्या माणसाला जे वाटत असेल, ते मला वाटे.

संध्याकाळी आईने भात आणि नारळाच्या रसातली मासळी केली होती. पप्पा दोनदा जेवले म्हणावं इतकं जेवले. झोपायला जाताना दारातून मला मूठ दाखवली. सकाळी ते उठले नाहीत.

आमच्यात गेलेल्या माणसाला फार वेळ ठेवत नाहीत. योनाथान, माझा भाऊ, इस्राएलमधल्या अश्दोदहून पोचणं शक्यच नव्हतं. तो फोनवर नुसता रडला. कद्दीशच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एके काळी पनवेलच्या आमच्या आळीत दहा पुरुष एका हाकेत जमत. आता निम्मी आळी इस्राएलला. कसेबसे सात झाले. दिनानाथकाकांना हे कळलं तेव्हा ते लगेच उठले. स्वतः पेणला गेले आणि काशिरामकाकांना ठाण्याला पाठवलं. होंडातून आमचे एक वयस्कर नातेवाईक उतरले, वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. आणि डॅटसनमधून दोघे, लोखंडी दांड्यांच्या मधल्या जागेत दुमडून बसलेले, अंगाला मासळीचा वास. दहा झाले. कद्दीश म्हटली गेली. मी दारामागून ऐकत होते, आणि माझ्या मनात आलं, हे पप्पांना किती आवडलं असतं.

सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो. घरातलं कुणी कामाला हात लावत नाही त्या दिवसांत. दुसऱ्या दिवशी दिनानाथकाकांनी आईकडे शेडची किल्ली मागितली. आईला वाटलं, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करत असतील. तिने दिली.

आठव्या दिवशी त्यांनी आणि काशिरामकाकांनी आम्हाला शेडमध्ये बोलावलं. दोघांचे डोळे सुजलेले, नखं काळी. बॉनेट वर होतं आणि आत सगळं चकचकत होतं. आठवडाभर ते रोज येऊन बसले होते. कार्बोरेटर उतरवून, सगळं सोडवून, पेट्रोलमध्ये धुऊन, ब्रश घेऊन, पितळ घासून सोन्यासारखं केलं होतं. एकही डाग ठेवला नव्हता. पांढरे ठिपकेही. प्रत्येक स्क्रू पुन्हा नीट घट्ट आवळला होता.

"मनासेशेठची गाडी मळकी नको दिसायला," काशिरामकाका म्हणाले आणि त्यांनी चावी फिरवली.

गाडी चालू झाली, दोनदा खोकली, अंगभर थरथरली आणि बंद पडली.

त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. काय झालं ते त्याच क्षणी दोघांनाही कळलं. तशी ती चूक फक्त तेच करू शकत होते. ज्यांना गाडीशी देणंघेणं नाही, त्यांनी तिला हात लावला नसता आणि ती आपली चालत राहिली असती.

"अहो वहिनी, आम्ही पुसून टाकलं हो सगळं," दिनानाथकाका आईला म्हणाले. "त्याचं सगळं पुसून टाकलं."

आईने त्यांना चहा दिला.

पुढचे काही रविवार ते येत राहिले. आळीपाळीने नळी कानाला लावत. "मला दोन्हीकडे समुद्रच ऐकू येतो," दिनानाथकाका म्हणत. काशिरामकाकांनी मुंबईहून एक मेकॅनिक आणला. त्याने दोन्ही काढून एकच साधा कार्बोरेटर लावायचा सल्ला दिला, तेव्हा काकांनी त्याला चहासुद्धा न देता परत नेऊन सोडलं. मी ग्रंथालयातून येऊन खिडकीत बसे आणि ते थरथरणारं इंजिन ऐके. पुढचा जास्त ओढत होता. इतक्या लांबून, नळीशिवाय, मला स्पष्ट कळत होतं.

मग रमेशरावांचा फोन आला. गाडी त्यांना हवी होती. आपण ती कारखान्यातून निघाली तशी परत करू, म्हणाले. योनाथान आईला तिकडे बोलावत होताच. दिनानाथकाका घरी येऊन बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "द्या वहिनी. मी सांगतो, द्या. ही गाडी म्हणजे मनासेचा कान होता. कान गेला. शेडमध्ये उभी राहून गंजण्यापेक्षा बरं."

आई हो म्हणाली.

ते गेल्यावर आम्ही दोघी ओट्याशी होतो. शेगडीवर दूध होतं. दोघीही त्याच्याकडे बघत होतो.

"आई, मला लावता येईल ती."

"माहीत आहे मला."

"गाडी इथेच राहील मग. मी चालवीन. तू जाऊन ये योनाथानकडे. मला नाही जायचं कुठे."

"तेही माहीत आहे."

"मग?"

"मग ते विचारतील, तू कुठे शिकलीस. आणि पप्पा कान लावून काय ऐकत होते." दूध वर यायला लागलं. आईने गॅस बारीक केला. "सबंध संसारभर मी त्यांच्या उजव्या हाताला बसले, एफ्रात. लोक मलाच बहिरी म्हणाले. एवढं करून झाकलं ते आता..." तिने पातेलं खाली उतरवलं. "मी तुला नको म्हणणार नाही. पण हो म्हणायला पण सांगू नकोस."

मी पुस्तकांत वाढलेली बाई. मेलेल्या माणसाची झाकली मूठ उघडू नये, हे मी कितीतरी ठिकाणी वाचलं होतं. आणि ते मला पटतही होतं. त्या फाट्यावर डोळे मिटून उभे असलेले पप्पा मला जसे हवे होते, तसेच त्या लोकांनाही हवे होते.

रविवारी रमेशराव जीप घेऊन आले. बरोबर जाड दोर. काशिरामकाकांनी तो पाहिला आणि दारातच आडवे उभे राहिले.

"दोरानं बांधून? मनासेशेठची गाडी? नाय. आपल्या पायानं जाईल ती फाटकापर्यंत तरी."

"काका, ती चालत नाही ना पण," रमेशराव समजुतीने म्हणाले. दोराचं एक टोक त्यांनी गाडीला बांधलंही होतं. "आणि राग मानू नका, पण कानाने वगैरे कार्बोरेटर लागतात हे मला तेव्हाही जरा गोष्टीतलंच वाटलं होतं. गेज लावून करू आम्ही."

"गोष्टीतलं?" काशिरामकाकांचा आवाज फाटला. "आमी बघितलंय! बारा वर्सं बघितलंय आमी!"

त्यांनी बॉनेट वर केलं आणि गाडी चालू केली. तिला बंद पडू न देता हाताने रेस देत ते स्क्रू पिळायला लागले, नुसतेच, रागाने. गाडी थरथरत होती, धूर सोडत होती. दिनानाथकाका त्यांना "अरे पुरे, काशिराम" म्हणत होते. कुणाला रडू फुटणार आहे ते कळत नव्हतं.

मी शेडमध्ये गेले. खिळ्यावरची नळी काढली. गाडीच्या बाजूला, माझ्या नेहमीच्या जागी, वाकून उभी राहिले आणि काशिरामकाकांच्या हातावर हात ठेवला. ते थांबले. मी नळी पुढच्या कार्बोरेटरला लावली. मग मागच्याला.

एवढं करून गप्प राहता येईल असं मला खरंच वाटलं होतं. काही न बोलता गाडी लावायची, पप्पांनी शिकवलं म्हणायचं आणि झालं.

मी एक बोट वर केलं.

काशिरामकाका बोटाकडे बघत राहिले.

मी ते बोट पुन्हा हलवलं, जोरात. त्यांनी स्क्रू उलटा फिरवला. इंजिन बंद पडता पडता राहिलं. आता मागचा वरचढ झाला. मी दोन बोटं केली. ते माझ्या तोंडाकडे, मग बोटांकडे, मग दिनानाथकाकांकडे बघायला लागले.

"बोटं कसली दाखवतंस, पोरी?" ते ओरडले. "मी काय बहिरा हाय? तोंडानं बोल ना!"

माझी दोन बोटं तशीच हवेत होती. इतक्या वर्षांत त्या गाडीशेजारी मी तोंडाने एक शब्द बोलले नव्हते. बोलायची कधी गरजच पडली नव्हती; आणि ती का पडली नव्हती हे पप्पांना माहीत होतं, मला माहीत होतं, दुधाच्या ओट्याशी उभ्या असणाऱ्या आईला माहीत होतं. मी वळून पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, पदराला हात पुसत. तिने नको म्हटलं नाही.

दिनानाथकाका माझ्या हाताकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू येत होतं.

"पप्पांना ऐकू येत नव्हतं," मी म्हणाले. इंजिन चालू होतं, म्हणून मोठ्याने म्हणावं लागलं. "बारीक आवाज तर अजिबात नाही. चिमण्या नाही, दूध नाही, हे नाही. म्हणून बोटं. गाडी सगळी त्यांची, कान माझा होता. रमेशराव, दोर सोडा, गाडी कुठे जात नाही. आणि काशिरामकाका, मागचा जास्त ओढतोय. पुढचा परत जरासा आवळा. अजून. अजून थोडा. बस... सारखे."